ठिणगीची तारीख

१४ जून

ताई,

आधी वर 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. तो काळा डाग त्याचा आहे.

सकाळपासून तुझे सहा फोन येऊन गेले, म्हणजे म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला कळवलेलं दिसतंय. मी उचलणार नाही. फोनवर तू डॉक्टर होतेस आणि मी आपोआप हो-हो करायला लागते. लहानपणापासून तसंच आहे. कागदावर तुला मधेच बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

झालं ते असं. दिवस मोठे झाले, तबेल्यातल्या सगळ्या घोड्या एकेक करून माजावर येऊन गेल्या, ठिणगी काही येईना. एप्रिल गेला, मे गेला. तुला दोनदा विचारलं. "स्पर्धेचा ताण असेल, धीर धर," म्हणालीस. धरला. परवा तू परिषदेला गेलेली, म्हणून कॉलेजच्या जनावरांच्या इस्पितळातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं. तुझेच गुरुजी. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"पोरी, या दिवसांत बीजकोश लिंबाएवढे हवेत. हे बघ, बोराएवढे झालेत. कसली लस दिलीय का हिला?"

"धनुर्वाताची. बहिणीनेच दिली. फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये एक."

"मानेत? सूज आली होती?"

"चार दिवस मान खाली घालता येत नव्हती तिला."

त्यांनी हातमोजा काढला, उलटा केला, बादलीत टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "धनुर्वाताच्या लशीने बीजकोश झोपत नाहीत."

मग त्यांनी मला शाळेतल्या मुलीला समजावतात तसं समजावलं. मेंदूतून एक हार्मोन निघतं, त्याच्या निरोपावर बीजकोश जागे होतात आणि घोडी माजावर येते. ही लस घोडीच्या अंगाला शिकवते की ते हार्मोनच शत्रू आहे. मग तिचंच अंग तो निरोप वाटेत मारून टाकतं. ना माज, ना चिडचिड, ना लाथा. आणि ना शिंगरू. मोठ्या घोड्या बहुतेक करून पुढच्या हंगामापर्यंत माजावर परततात. पण ठिणगी तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. "कोवळ्या वयात दिली की सांगता येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं लागतात. तीनही लागतात. काही परततच नाहीत."

मी विचारलं, "हे माझ्या बहिणीला माहीत असेल?"

ते म्हणाले, "मीच शिकवलंय तिला."

दोन्ही वेळा तिची दोरी मी धरली होती, ताई. ती बुजत होती तर मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले होते, "काही नाही गं, ताईच आहे."

— छोटी

१९ जून

ताई,

तुझं पत्र आलं. चार ओळी. त्यातली एक अशी: "मालकीणबाई म्हणाल्या की तुला सगळं माहीत आहे, तुझी हरकत नाही."

असं होय. मग मला सांग, मला सगळं माहीत होतं तर तू माझ्यासमोर धनुर्वात हा शब्द कशासाठी उच्चारलास? ठिणगीच्या लशीच्या कार्डावर धनुर्वात का लिहिलंस? माहीत असलेल्या माणसाला कुणी फसवत बसतं का? पत्र टाकण्याआधी एकदा वाचायचंस तरी.

आणखी एक. म्हातारे डॉक्टर म्हणाले, रोज पाजायचं औषध मिळतं. माज थांबतो, औषध बंद केलं की दोन आठवड्यांत घोडी पूर्ववत. मग ते का नाही दिलंस? दोन दिवस डोकं खाजवल्यावर माझं मलाच उत्तर सापडलं. ते औषध रोज मला पाजावं लागलं असतं. म्हणजे बाटली माझ्या हातात आली असती. म्हणजे मला कळलं असतं.

बाईंकडेही जाऊन आले. ऑफिसात बसल्या होत्या, मागे सगळे कप आणि फोटो. मी उभ्या उभ्याच विचारलं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "हे बघ, स्पर्धेसाठी घोडी थंड हवी एवढंच मी बोलले. लस तुझ्या बहिणीने सुचवली. आणि आता ती घोडी तुझीच आहे ना? कागद दिलाय की तुला." बाबांनी त्यांच्याकडे तीस वर्षं मोतद्दारी केली, त्याबद्दल ठिणगी माझी. स्पर्धा होईपर्यंत त्यांची, मग माझी. त्यांना हवं ते त्यांनी काढून घेतलं आणि उरलेली घोडी मला दिली.

हसू याचं येतं की स्पर्धेत ती दुसरी आली तेव्हा मी किती मिरवले. बारा अडथळे, एकदाही मान झटकली नाही. तबेल्यात सगळे विचारत होते, काय जादू केलीस? मी म्हटलं, जादू कसली, आठ महिने रोज सकाळी मैदानात नुसती चालवलीय तिला, पाठीवर न बसता, बोलत बोलत. तू तिथेच उभी होतीस. सफरचंद कापत होतीस तिच्यासाठी. "छोटीच्या हाताला गुण आहे," म्हणालीस सगळ्यांसमोर.

ते कशाला म्हणालीस गं? गप्प बसली असतीस तरी चाललं असतं.

— छोटी

३ जुलै

ताई,

हे पत्र मोठं होणार. चहा करून बस.

तू लिहिलंयस, "तूच म्हणाली होतीस." मला वाटलं होतं तू हे काढणार नाहीस. काढलंस. तर ठीक आहे, तेही बोलून टाकू.

हो, म्हणाले होते. गेल्या वर्षी जुलैत. माजावर आलेली ठिणगी मागच्या पायांवर उभी राहिली, मी खाली, गळ्याचं हाड आणि दोन बरगड्या. इस्पितळात तू माझ्या उशाशी बसली होतीस, मला श्वास घेतानाही कळ यायची. आणि मी म्हटलं, "तिला शांत कर, ताई. नाहीतर मला परत चढायची हिंमत होणार नाही. कसं ते तुझं तू बघ." हे मी म्हाताऱ्या डॉक्टरांना सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही, पहिल्या पत्रात तुलाही आठवण करून दिली नाही. लपवलं. आता कबूल करते.

पण त्यानंतर काय काय झालं तेही सांग ना. मी बरी झाले. मी तिला चालवायला लागले. डिसेंबरात बाबांचे रिपोर्ट आले. जनावरांची डॉक्टर असलीस तरी ते तूच आधी वाचलेस, तूच मला कँटीनमध्ये नेऊन बसवलंस आणि म्हणालीस, "फुप्फुसं गेलीयत. तीस वर्षं गवताची धूळ खाल्लीय त्यांनी. वर्ष, फार तर दीड." आपण दोघींनी तिथेच ठरवलं. ठिणगीला एप्रिलात घोड्याकडे न्यायचं, पुढच्या मार्चमध्ये शिंगरू. बाबांना बघायला मिळेल. घोडा कुठला तेही तू ठरवलंस. बाळंतपण मीच करीन, म्हणालीस. रडता रडता हसलीस.

ते डिसेंबरात. आणि फेब्रुवारीत तू सुई घेऊन आलीस.

ठिणगी बाबांची काय आहे हे मी तुला सांगायला हवं का? तिची आई तिला जन्म देता देता गेली, तेव्हा बाबांनी तिला आपल्या हातांनी ओढून काढलं, दर दोन तासांनी बाटली दिली, महिनाभर तबेल्यात गवतावर झोपले. आपल्या दोघींच्या वेळी एवढं केलं नव्हतं असं आई गमतीने म्हणायची. त्या घोडीच्या वंशाचं आता दुसरं कुणी नाही. बाबांना तिचं शिंगरू बघायचं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी आयुष्यात. डॉक्टरकीच्या कॉलेजात तुला पाठवलं तेव्हाही नाही.

तू लिहितेस, "मला वाटलं, सहा-आठ महिन्यांत परत येईल. तू पुन्हा पडू नयेस एवढंच डोक्यात होतं." मी पहिलं वाक्य मानत नाही. दुसरं मानते. तेच जास्त लागतं. माझी हाडं वाचवायला तू बाबांचं वर्ष दिलंस, आणि कुणाचं काय द्यायचं हे एकटीनेच ठरवलंस. मला विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाहीस.

— छोटी

३० ऑगस्ट

ताई,

एक काम आहे, म्हणून लिहितेय.

बाबा रोज विचारायचे. मी खोलीत पाऊल टाकलं की, "आली का माजावर?" नळी नाकात, आवाज खोल गेलेला, तरी हेच. जूनमध्ये, म्हातारे डॉक्टर येऊन गेले त्याच आठवड्यात, मला ते सहन झालं नाही. मी म्हणून गेले, "बाबा, मे अखेरीलाच आली होती. नेलीसुद्धा घोड्याकडे. पक्कं झाल्यावर सांगणार होते. राहिलीय ती."

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "कॅलेंडर दे." अकरा महिने मोजले आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पेन्सिलने गोल केला. शेजारच्या काकांना बोलावून दाखवला.

आता त्यांना तिला बघायचंय. हट्ट धरलाय. थंडी पडायच्या आत नको, पोट दिसायला लागल्यावर, असं म्हणत मी डिसेंबरपर्यंत ढकललंय. त्यांना गाडीत घालून, सिलिंडरसकट, तबेल्यात आणायला माणूस हवं. माझ्याच्याने एकटीने होणार नाही.

तू ये. बाबांना घेऊन ये. आणि तिथे तोंड उघडू नकोस. बाबांनी काही विचारलं तर माझ्यासारखंच सांग. तुला जमेल. जमतं तुला.

त्या दिवसापुरती आपण बहिणी.

— छोटी

१६ डिसेंबर

ताई,

तू आलीस, वेळेवर आलीस, बाबांना जिन्यावरून उचलून आणलंस त्याबद्दल आभार. हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला.

बाकीचं पण लिहून ठेवते, कारण तू चाऱ्याच्या खोलीत निघून गेलीस आणि मी तुझ्या मागे आले नाही. मुद्दाम आले नाही.

मी दोन महिने तिला गवत वाढवून दिलं होतं. पोट सुटलं होतं तिचं, पण ते गवताचं पोट होतं. आपल्या दोघींना माहीत होतं. बाबांना खुर्चीत बसवून तिच्या कुशीशी नेलं. ती त्यांना ओळखून हुंकारली, त्यांच्या टोपीला नाक लावलं. बाबांनी हात पुढे केला. तीस वर्षं त्या हाताने किती घोड्यांची पोटं तपासली असतील. हात कुशीवरून खाली नेला, तळवा टेकवला आणि थांबले. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत राहिले. तू तुझ्या बुटांकडे बघत होतीस.

मग बाबा म्हणाले, "आहे. लाथ मारली."

आणि तुझ्याकडे वळून, "डॉक्टरीणबाई, तुम्ही बघा."

तू तुझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवलास. मला वाटलं, आता ही मोडणार. तू म्हणालीस, "हो बाबा. चांगलं धट्टंकट्टं आहे." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या क्षणी मला तुझा जितका राग आला तितका जूनमध्येही आला नव्हता. कारण मला कळलं, फेब्रुवारीत तू अशीच बोलली असणार.

आणि तू तसं बोललीस म्हणून बाबा हसले. तेही लिहायला हवं.

परत नेताना ते गाडीत काही बोलले का? मला काही बोलले नाहीत. पण मला सारखं वाटतंय की त्या हाताला कळलं.

— छोटी

२९ मे

ताई,

सगळं आटोपलं... नाही, तसं नको. बाबा गेले त्याला आज सात दिवस झाले. तू खोलीच्या त्या टोकाला बसलीस, मी या टोकाला. येणारे-जाणारे कुणाशी आधी बोलावं या विचारात दारातच घुटमळत होते. हसूच आलं असतं बाबांना.

तुला एक गोष्ट माहीत नाही. ती तुझीही आहे, म्हणून सांगते.

एप्रिलचा शेवटचा रविवार आला. मी सकाळी बाबांकडे गेले. सबबी पाठ करून गेले होते. बाबांनी विचारलंच नाही. सोमवारी नाही. मंगळवारी नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर, त्यावर त्यांनीच केलेला गोल, आणि ते माझ्याशी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत होते. रोज विचारणारा माणूस, ताई. आठवडाभर एक शब्द नाही.

तीन मेला मला राहवलं नाही. मी खाली बसले, पलंगाच्या कडेला. म्हटलं, "बाबा, एक सांगायचं होतं."

त्यांनी हात वर केला. "नको सांगूस."

"पण बाबा..."

"पहिलटकरणीला उशीर होतो," ते म्हणाले. मग दम घेतला. मग म्हणाले, "तुम्ही दोघी त्या दिवशी एका बाजूला उभ्या होतात. बऱ्याच दिवसांनी."

त्यांना डिसेंबरातच कळलं होतं. तळवा टेकवला तेव्हाच. रिकाम्या पोटावर हात ठेवून ते आपल्यासाठी खोटं बोलले. आपण त्यांच्यासाठी बोलतोय असं समजत होतो.

का, कसं, कुणी केलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुझं नाव घेतलं नाही. उपकार म्हणून नाही. त्यांनी ऐकायचं नाही म्हटलं म्हणून. नाहीतर त्या दिवशी मी सगळं ओकले असते, तुला माहीत असू दे.

ठरल्याप्रमाणे झालं असतं तर शिंगरू मार्चमध्ये झालं असतं. बाबा बावीस मेला गेले. म्हणजे दोन महिने ते शिंगरू त्यांच्या डोळ्यांसमोर बागडलं असतं. मी हे गणित रोज करते. तूही करत असशील. कर.

— छोटी

६ मे

ताई,

वर्ष होत आलं. तुझी चार पत्रं पडून आहेत. वाचलीयत. उत्तर दिलं नाही कारण सगळ्यांच्या शेवटी तोच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तुला आवडलं नसतं.

आज लिहितेय कारण सकाळी एक गोष्ट झाली.

नेहमीप्रमाणे ठिणगीला बाहेर काढत होते. पलीकडच्या कुंपणात नवा घोडा आणलाय, सुस्त, म्हातारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ठिणगी दारातच थबकली. मान ताठ केली, किंचाळली, मला एका झटक्यात भिंतीवर दाबलं आणि कुंपणाकडे जाऊन शेपूट बाजूला घेऊन उभी राहिली. मी मोजलं. सत्तावीस महिने. सव्वादोन वर्षांनी माझी घोडी माजावर आली. खांदा सोलवटलाय माझा. मी तिथेच चिखलात बसले आणि मोठ्याने रडले, तो म्हातारा घोडासुद्धा बिचकून मागे सरला.

म्हातारे डॉक्टर येऊन गेले. एका बाजूला चांगलं फुगलेलं बीज दिसतंय म्हणाले. एवढ्यात नको, एक-दोन पाळ्या नीट जाऊ देत, मग घोड्याकडे न्या. होईलच असं नाही, पण दार उघडलंय. तेव्हा ठरवलेला घोडा आता राहिला नाही, गेल्या हिवाळ्यात गेला. दुसरा बघावा लागेल. बाळंतपण त्यांच्या हाताखालची एक मुलगी करील. तू नाही. तू कार्डावर काय लिहिशील याची खात्री करत बसायचं वय नाही माझं आता.

तू विचारतेस, माफ केलंस का. नाही. उगाच गोड बोलणार नाही. बाबांचं वर्ष गेलं ते गेलं, ते कुठल्याही हंगामात परत येणार नाही. आणि मी तुला "शांत कर" म्हणाले होते, ते माझ्यापाशी राहील. त्याची वाटणी मी तुझ्याशी करणार नाही.

पण जे झालं ते सांगून टाकते. चिखलात बसले होते, नाक पुसायला हातात रुमाल नव्हता, आणि फोन काढून मी नंबर लावला. कुणाचा लावतेय हे रिंग वाजायला लागल्यावर कळलं. इतक्या माणसांत मला ही गोष्ट पहिल्यांदा तुलाच सांगावीशी वाटली. तू उचलायच्या आत मी कापला. तुझ्याकडे मिस्ड कॉल दिसला असेल, सकाळी सात वाजून दहा मिनिटांचा. तू परत लावला नाहीस. बरं केलंस.

लस दिलीस त्याचा राग कधीतरी ओसरेल, असं म्हातारे डॉक्टर म्हणतात. असेलही. पण आनंदाची बातमी आली की हात अजून तुझ्याच नंबराकडे जातो, आणि गेला की सगळं आठवतं. एवढंही तू माझ्यासाठी धड ठेवलं नाहीस, ताई.

खांद्याला मलम लावलंय. काळजी करू नकोस.

— छोटी